फ्यू

फ्यू : इंग्रजीतील एक अनिश्चित संख्याविशेषण. मोजता येणाऱ्या गोष्टींची संख्या थोडी आहे, एवढेच ते सांगते. नेमकी किती, हे सांगत नाही. पाणी, वेळ, साखर अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत ‘लिटल’ हा निराळा शब्द आहे. ‘फ्यू’ ज्या नामाला लागतो ते अनेकवचनी असते. शब्द सर्वनामासारखाही चालतो आणि ‘फ्यूअर’, ‘फ्यूएस्ट’ अशी तरतमभावाची रूपे घेतो. शब्दकोशात ‘थोडे, काही’ एवढ्यावर त्याचा अर्थ आटोपतो. प्रत्यक्ष वापरात मात्र हा शब्द संख्येपेक्षा बोलणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल जास्त बोलतो, आणि मराठी माणसाची फसगत होते ती तिथेच.

व्युत्पत्ती : जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘फेआवे’ असे होते. गॉथिक भाषेतील ‘फावाय’ आणि आजच्या डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन भाषांतील ‘फो’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. जर्मनमध्ये हे घराणे टिकले नाही. तिथे ‘वेनिश’ हा वेगळा शब्द रुळला. मूळ इंडो-युरोपीय ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो (संस्कृत ‘पितृ’, इंग्रजी ‘फादर’), हा नियम लावला की लॅटिनमधील ‘पाउकुस’ म्हणजे थोडके, आणि ‘पाउपेर’ म्हणजे दरिद्री, हे शब्द ‘फ्यू’चेच नातलग ठरतात. इंग्रजी ‘पुअर’ त्यातूनच फ्रेंचमार्गे आला. याच धातूशी मूल या अर्थाचा ग्रीक ‘पाइस’ आणि संस्कृत ‘पुत्र’ हेही जोडले जातात, कारण मूल म्हणजे लहान. ‘पाइस’पासून शिक्षणवाचक ‘पायदेइआ’ झाला आणि तो ‘एन्सायक्लोपीडिया’च्या शेपटाला आहे. म्हणजे विश्वकोशाच्या इंग्रजी नावातही या थोडकेपणाचा एक दूरचा अंश आहे.

उपपद आणि अर्थाची दिशा : ‘फ्यू पीपल केम’ आणि ‘अ फ्यू पीपल केम’ या दोन वाक्यांत फरक एका अक्षराचा, म्हणजे ‘अ’ या उपपदाचा आहे. कार्यक्रमाला सात माणसे आली असतील, तर दोन्ही वाक्ये खरी ठरू शकतात. पहिले वाक्य ‘फारसे कोणी आले नाही’ असे सांगते, दुसरे ‘काहीजण आले’ असे. पहिल्यात रिकाम्या खुर्च्यांकडे बोट आहे, दुसऱ्यात भरलेल्यांकडे.

नुसत्या ‘फ्यू’त नकार दडलेला आहे हे व्याकरणातूनही दाखवता येते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड क्लिमा यांनी 1964 मध्ये इंग्रजी नकारावर जो दीर्घ निबंध लिहिला, त्यात वाक्य नकारार्थी आहे की नाही हे ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. त्यांतली एक वाक्याच्या शेवटी जोडायच्या प्रश्नाची. होकारार्थी वाक्याला नकारी शेपूट लागते आणि नकारार्थी वाक्याला होकारी. ‘अ फ्यू पीपल केम’ याला ‘डिडन्ट दे?’ लागते, तर ‘फ्यू पीपल केम’ याला ‘डिड दे?’. ‘एनी’, ‘एव्हर’ हे नकाराच्या आधाराने राहणारे शब्दही ‘फ्यू’च्या वाक्यात सहज बसतात, ‘अ फ्यू’च्या वाक्यात बसत नाहीत. तर्काची चालही उलटी होते. थोडेच लोक धावले, हे खरे असेल तर जोरात धावणारेही थोडेच असणार. ‘फ्यू’ असा व्यापकाकडून नेमक्याकडे जातो. ‘अ फ्यू’चे उलट : काहीजण जोरात धावले, तर काहीजण धावले हे ओघानेच आले.

या फरकाचा सर्वांत मजेदार पुरावा मानसशास्त्रातून आला. ग्लासगो विद्यापीठातील लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड यांनी 1980च्या दशकात लोकांना अर्धवट वाक्ये पुढे न्यायला सांगितली. सामन्याला ‘अ फ्यू’ चाहते गेले, असे पहिले वाक्य असेल तर पुढच्या वाक्यातले ‘दे’ म्हणजे ‘ते’ हे सर्वनाम लोक गेलेल्यांसाठी वापरत : त्यांनी ओरडून ओरडून मैदान डोक्यावर घेतले, वगैरे. पहिल्या वाक्यात नुसते ‘फ्यू’ असेल तर तेच ‘ते’ बऱ्याचदा न गेलेल्यांसाठी येई : त्यांनी घरीच टीव्हीवर सामना पाहिला. ज्यांचा वाक्यात उल्लेखच नाही, त्या माणसांना सर्वनाम मिळते! एक उपपद गाळल्याने ऐकणाऱ्याचे लक्ष हजर असलेल्यांवरून गैरहजरांकडे वळते, ही गोष्ट व्याकरणाच्या कुठल्याही नियमापेक्षा ‘फ्यू’चा स्वभाव चांगला उलगडते.

‘फ्यू’ म्हणजे किती? : दोनसाठी ‘कपल’ आहे, म्हणून ‘अ फ्यू’ तीनपासून सुरू होतो, असे बरेच इंग्रजीभाषक सांगतील. वरची मर्यादा मात्र कोणीच ठरवू शकत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये 500 प्रेक्षक ‘फ्यू’ असतात. लग्नाच्या छोट्या हॉलमध्ये तेवढेच लोक आले तर यजमानाची पळापळ होईल. बार्बरा पार्टी या भाषाशास्त्रज्ञेने ‘फ्यू’चे दोन अर्थ वेगळे केले : एक, संख्या मुळातच लहान असणे, दोन, एकूण संख्येच्या प्रमाणात लहान असणे. वाडीत घरेच चार असतील आणि चारही घरांत वीज असेल, तर पहिल्या अर्थाने वीज असलेली घरे ‘फ्यू’ आहेत, दुसऱ्या अर्थाने अजिबात नाहीत.

शब्दाला जोड मिळाली की अर्थ आणखी हलतो. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणताच ‘अ’ने दिलेला होकार ‘ओन्ली’ परत काढून घेतो. ‘क्वाइट अ फ्यू’ याचा अर्थ सरळ ‘बरेच’ असा आहे. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला हा वापर उपरोधातून आला. ‘नॉट अ फ्यू’ म्हणजेही कमी नव्हेत. रोजच्या बोलण्यात मात्र नुसता ‘फ्यू’ थोडा पुस्तकी वाटतो आणि तिथे लोक ‘नॉट मेनी’ म्हणणे पसंत करतात.

फ्यूअर की लेस : मोजता येणाऱ्यांना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम शाळेत दगडावरच्या रेघेसारखा शिकवला जातो. तो तेवढा जुना नाही. इंग्लंडमधील राजा आल्फ्रेडच्या काळात, म्हणजे नवव्या शतकातही ‘लेस’ मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी वापरला जात असे. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर याने इंग्रजीवरच्या आपल्या टिपणांत संख्येबद्दल बोलताना ‘लेस’पेक्षा ‘फ्यूअर’ अधिक शोभतो असे मत मांडले. मांडले तेही स्वतःची आवड म्हणून. पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा कायदा केला. अंतर, वय, रक्कम यांच्या बाबतीत तर आजही ‘लेस’च स्वाभाविक आहे, कारण पाच किलोमीटर किंवा पन्नास पौंड हे कोणी एकेक सुटे मोजत नाही. तरीही हा वाद ब्रिटनमध्ये लोकांना मनापासून प्रिय आहे. थोडे सामान घेणाऱ्यांच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी लावण्यावरून सुपरमार्केटांवर इतकी टीका झाली, की 2008 मध्ये टेस्को या साखळीने ‘अप टू टेन आयटम्स’ असे लिहून दोन्ही शब्दांपासून सुटका करून घेतली.

द फ्यू : निश्चित उपपद लागले की या शब्दाला मान मिळतो. निवडक, मोजके, इतरांहून वेगळे असा अर्थ त्यात येतो. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीने 1415च्या अॅजिनकोर्टच्या लढाईपूर्वी आपल्या अपुऱ्या सैन्याला ‘वी फ्यू, वी हॅपी फ्यू’ असे म्हणून त्या अपुरेपणालाच भूषण केले. 20 ऑगस्ट 1940 रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत शाही हवाई दलाच्या वैमानिकांविषयी बोलताना तीच युक्ती वापरली : इतक्या जणांवर इतक्या थोड्यांचे एवढे ऋण यापूर्वी कधी झाले नव्हते. तेव्हापासून ब्रिटनमध्ये ‘द फ्यू’ म्हणजे ब्रिटनच्या आकाशातील लढाईत उतरलेले ते वैमानिक आणि त्यांचे विमानातील साथीदार. त्यांची संख्या सुमारे 3,000 होती आणि त्यांत पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, न्यूझीलंड अशा अनेक देशांचे तरुण होते.

मराठी भाषक आणि ‘फ्यू’ : महाराष्ट्रातील शाळांत ‘फ्यू, अ फ्यू, द फ्यू’ हे त्रिकूट पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले, पुष्कळदा रेन-मार्टिनच्या व्याकरणातून. मराठीत उपपद नसल्याने ‘अ’ गळतो आणि ‘फ्यू डेज बॅक’ अशी भारतीय वळणाची इंग्रजी तयार होते. तिथे बिघडत काही नाही, अर्थ कळतो. पण ‘आय हॅव फ्यू डाउट्स’ असा मेल पुण्याहून लंडनला गेला, तर पाठवणाऱ्याला विचारायच्या असतात चार शंका आणि वाचणाऱ्याला वाटते की याला सगळे समजले आहे.

मराठी हे काम उपपदाविना करते. नकार द्यायचा तर तो क्रियापदावर जातो आणि ‘फारसे’ त्याची वाट पाहत असते : फारसे लोक आले नाहीत. किंवा ‘च’ जोडला जातो : थोडेच लोक आले. टंचाई ठसवायची असेल तर ‘हाताच्या बोटांवर मोजण्याइतके’. ‘अ फ्यू’साठी मात्र मराठीचा खरा साठा अंकांच्या जोड्यांत आहे : दोन-चार दिवस, चार-सहा माणसे, पाच-दहा रुपये. वर्तमानपत्री मराठीत अलीकडे दिसणारे ‘दर काही दिवसांनी’ हे ‘एव्हरी फ्यू डेज’चे शब्दशः भाषांतर आहे, घरात कोणी तसे बोलत नाही, ‘दर दोन-चार दिवसांनी’ असेच म्हणतात.