बाप गातो ते नॉर्तेन्यो, पोर गातं ते चिकानो

अकॉर्डियन वाजलं, कानावर स्पॅनिश पडली की आपण 'मेक्सिकन म्युझिक' म्हणून मोकळे होतो. त्यात लोस तिग्रेस देल नोर्ते आणि लोस लोबोस हे दोन्ही बँड कॅलिफोर्नियातले, दोन्ही कष्टकऱ्यांची बाजू घेणारे. घोळ व्हायचाच. पण पहिला नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तर मेक्सिकोच्या लोकसंगीताचा, आणि दुसरा चिकानो, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या-वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा.

वाद्यांवरून ओळखायला जाल तर फसाल. नॉर्तेन्योचा कणा म्हणजे बटणांचं अकॉर्डियन आणि बारा तारांचा, गिटारसारखा बाहो सेक्स्तो. चाल पोल्काची नाहीतर वॉल्ट्झची. चिकानो बँडांत इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन, सोल, रॉक असं सगळं चालतं हे खरं, पण अकॉर्डियन लोस लोबोसकडेही आहेच. पत्त्यावरूनही उलगडा होत नाही, कारण तिग्रेस मूळचे मेक्सिकोतल्या सिनालोआचे असले तरी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅलिफोर्नियातल्या सान होसेत राहतात. मी एवढंच बघतो, की घरातलं कोण गातंय? सीमा ओलांडून आलेला बाप, की इथे वाढलेलं पोर?

बापाचं गाणं ऐकायचं तर तिग्रेसचं १९८०च्या दशकातलं 'ला हाउला दे ओरो', म्हणजे सोन्याचा पिंजरा. कागदपत्रं नसलेला एक माणूस दहा वर्षं अमेरिकेत राबतोय. पैसा आहे, पण पोलीस धरून परत पाठवतील या धास्तीने तो कामावरून थेट घरी येतो, उगाच रस्त्यावर निघत नाही. इथवर तक्रार सरकारशी आहे. मग गाणं घरात शिरतं. मुलं स्पॅनिश विसरलीत; रंग बापाचा, पण आपण मेक्सिकन आहोत हे कबूल करायला तयार नाहीत. मध्येच गाणं थांबतं आणि बाप मुलाला विचारतो, परत मेक्सिकोत जाऊन राहायला आवडेल का? मुलगा इंग्रजीत साफ झटकून टाकतो. त्या चार वाक्यांत जे कळतं ते स्थलांतरावरच्या जाडजूड अहवालात सापडत नाही. १९८६मध्ये अमेरिकेने कायदा करून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. गाणं त्याच्या आधीचं आहे, म्हणून ती धास्ती आणखी खरी वाटते.

आता त्या मुलाची बाजू. त्याला परत जायचं नाही, पण इथेही त्याला कोणी आपलं म्हणत नाही. सान दिएगोच्या चंकी सांचेझने हे हसत हसत गायलं. तो ब्लाइथ नावाच्या शेतीवाल्या गावात वाढला, जुनी गाणी आई आणि मामांकडून शिकला. त्याच्या एका गाण्याचा विषय आहे डब्यातलं चोरिसो सँडविच. मसालेदार सॉसेजचा हा डबा वर्गात उघडायचा म्हणजे काय, हे ज्याने घरचा डबा लपवून खाल्लाय त्याला वेगळं सांगायला नको.

पण तोच चंकी 'चिकानो पार्क सांबा'ही गायचा. २२ एप्रिल १९७० रोजी सान दिएगोच्या बॅरिओ लोगान वस्तीत कोरोनाडो पुलाखाली बुलडोझर आले. लोकांना बागेचं आश्वासन होतं, बांधायला घेतली होती हायवे पोलिसांची चौकी. बायाबापड्या, पोरंटोरं हात धरून बुलडोझरभोवती उभी राहिली, बारा दिवस जागा सोडली नाही आणि बाग मिळवली. तोच हा चिकानो पार्क. ज्या पोराला डब्याची लाज वाटत होती, तेच आता जागेवर हक्क सांगतंय. माझ्या मते चिकानो गाण्यातलं राजकारण या लाजेतूनच उगवतं. बापाला भीती हाकलून देण्याची. पोराला कोण हाकलणार, त्याचा जन्मच इथला. त्याचं भांडण शाळेशी, पोलिसांशी आणि नगरपालिकेशी.

रॉक गायक रिची वालेन्सही असाच एक मुलगा. आडनाव वालेन्सुएला, रेकॉर्डसाठी ते कापलं गेलं. स्पॅनिश धड येत नव्हती, तरी १९५८मध्ये मेक्सिकोतल्या वेराक्रूसचं लोकगीत 'ला बांबा' त्याने रॉक करून गाजवलं. त्यात सामाजिक भान वगैरे शोधू नये. लोस लोबोसची पोरंही आधी रॉकच वाजवत होती, मग १९७३पासून हट्टाने आईबापांची गाणी शिकली आणि लग्नांत वाजवत फिरली.

अर्थात माझी ही फूटपट्टी सगळीकडे चालत नाही. लोस लोबोसच्या 'अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघालेला माणूस आहे. म्हणजे पोरांनी बापाची कथा गायली, आणि तीही इंग्रजीत. उलट तिग्रेसच्या 'सोमोस मास अमेरिकानोस' (आम्ही जास्त अमेरिकन) या गाण्यात सरळ चिकानो चळवळीचा दावा आहे: सीमा आम्ही ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं. रोख अर्थातच १८४८च्या तहाकडे, ज्यात मेक्सिकोचा कॅलिफोर्नियासकट मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. २०११मध्ये एमटीव्ही अनप्लग्ड या कार्यक्रमात हेच गाणं तिग्रेससोबत गायला आला झॅक दे ला रोचा, रेज अगेन्स्ट द मशीनचा गायक. त्याचे वडील 'लोस फोर' या चिकानो चित्रकारांच्या गटातले. तिथे झॅक स्पॅनिशमध्येच गायला.