दह्याच्या पाण्यातला पिवळा

तोंड आलं म्हणून डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी लघवी भडक पिवळी झाली, की अनेकांच्या पोटात गोळा येतो. कावीळ तर नाही? काविळीत लघवी गडद, मोहरीच्या तेलासारखी होते आणि डोळेही पिवळे दिसू लागतात. गोळीचा पिवळा मात्र झगझगीत, हायलाइटर पेनासारखा. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा.

तुम्ही तो घरात पाहिलेलाच आहे. पाडव्याला श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं की खालच्या पातेल्यात हिरवट पिवळं पाणी साचतं, ती छटा याचीच. (आमच्याकडे त्यात थालीपीठाची भाजणी भिजवतात. मोरीत कशाला ओतायचं?) दुधाच्या अशाच पाण्यातून इंग्लंडमधल्या अलेक्झांडर विंटर ब्लाइथ यांनी १८७९ मध्ये हा रंग वेगळा काढला. रायबोफ्लेविन शुद्ध रूपात हाती येऊन तो रंग म्हणजेच जीवनसत्त्व, हे कळायला १९३३ उजाडलं. अंधारात नोटा तपासायचा अतिनील दिवा त्यावर धरला तर ते पोपटी चमकतं.

अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण करणाऱ्या रेणूंमध्ये हे असतं. कमी पडलं तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लालबुंद होते.

शिजवताना ते बऱ्यापैकी टिकतं, पण उजेडाशी त्याचं वैर. पारदर्शक बाटलीतलं दूध दोन तास उन्हात राहिलं तर त्यातला मोठा हिस्सा नष्ट होतो आणि दुधाची चवही बिघडते. डाळ लवकर शिजावी म्हणून टाकलेला खायचा सोडाही त्याला मारक.

रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमची. पाण्यात ते जेमतेमच विरघळतं, आतडं एका वेळी साधारण २७ मिलिग्रॅमच शोषतं आणि जादा लघवीतून जातं. त्यामुळे त्याची कमाल मर्यादा ठरवलेली नाही. पण म्हणून काही गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायच्या नाहीत: त्याच गोळीतलं ब-६ फार काळ जास्त घेतलं तर नसांना इजा करतं.

दूध नासवणारा हाच उजेडाचा खेळ नेत्रतज्ज्ञांनी कामाला लावलाय. केराटोकोनस या विकारात डोळ्याचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. त्यावर रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब टाकून मोजून-मापून अतिनील किरण सोडतात. कॉर्नियातले तंतू एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि शंकू बहुतेकदा तिथेच थांबतो.