इयरफोन लावताच स्पीकर बंद : जॅकमधील पत्तीची पार्श्वभूमी

इयरफोनची पिन खोचताच स्पीकर बंद व्हावा, ही सोय मुळात रेडिओवाल्यांची नाही. ती टेलिफोन एक्सचेंजमधून आलेली आहे. 1878 च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे व्यावसायिक एक्सचेंज सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चार्ल्स स्क्रिब्नर यांनी स्विचबोर्डावरील जॅकची, म्हणजे पिन खोचायच्या खाचेची, रचना विकसित केली. ग्राहकाची तार जॅकमधून पुढे फोन आल्याची खूण देणाऱ्या एका लहान झडपेपर्यंत जात असे. ग्राहकाने फोन केला की झडप पडे, ऑपरेटर त्या जॅकमध्ये पिन खोचे, आणि पिनच्या टोकाने आतील स्प्रिंगची पत्ती उचलली गेली की झडपेकडचा मार्ग तुटून तार थेट ऑपरेटरच्या कॉर्डला जोडली जाई.

ट्रान्झिस्टर रेडिओत पत्ती तीच राहिली, झडपेच्या जागी स्पीकर आला. पिन नसताना पत्ती आतील दुसऱ्या संपर्कबिंदूवर टेकलेली असते आणि आवाज त्या वाटेने स्पीकरला मिळतो. पिन आत गेली की पत्ती उचलली जाते आणि वाट तुटते. म्हणूनच इयरफोन काढल्यावरही जुना टेपरेकॉर्डर मुका राहिला, तर जाणता मेकॅनिक स्पीकर उघडण्याआधी जॅकमध्ये पिन चार-दोनदा आत-बाहेर करून पाहतो, कारण बहुतेक वेळा दोष पत्तीवर बसलेल्या मळाचा किंवा तिच्या ढिलेपणाचा असतो.

संगणकात या पत्तीचे काम बदलले, पण लगेच नाही. 1997 मध्ये आलेल्या इंटेलच्या एसी-97 पद्धतीत मदरबोर्डावरील आवाज तारांनी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जाई आणि तेथील पत्त्यांमधून परत येऊन मागच्या स्पीकरला मिळे. कागदावर सुटसुटीत वाटणारी ही रचना जुळणी करणाऱ्यांना मात्र तापदायक ठरली: पुढचे जॅक जोडलेलेच नसतील, तर हेडरवरील (मदरबोर्डावर तारा जोडायच्या काट्यांच्या रांगेतील) 5-6 आणि 9-10 या काट्यांच्या जोड्यांवर जंपर (दोन काटे जोडणारी छोटी टोपी) बसवल्याशिवाय मागचे स्पीकर वाजत नसत.

2004 च्या हाय डेफिनिशन ऑडिओ या पुढच्या पद्धतीने हा वळसा काढून टाकला. आता जॅकमधील स्विच आवाज तोडत नाही, पिन आत आल्याची फक्त वर्दी देतो. चार जॅकच्या स्विचना 5.1, 10, 20 आणि 39.2 किलोओहमचे वेगवेगळे रेझिस्टर जोडलेले असतात. एकाच तारेवरील एकूण रोध मोजून ऑडिओ चिप कोणत्या जॅकमध्ये पिन आहे हे ओळखते आणि स्पीकर बंद करायचा की नाही, हे ड्रायव्हर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) ठरवतो. त्यामुळे तक्रारीही बदलल्या: जॅक ठणठणीत असूनही ड्रायव्हर चुकीचा असेल, तर इयरफोन लावल्यावर दोन्हीकडे आवाज येतो. हेच कोणाला मुद्दाम हवे असेल, तर लिनक्समध्ये अल्सामिक्सर हा आवाज नियंत्रित करणारा प्रोग्राम उघडून ‘ऑटो-म्यूट मोड’ बंद केला की बहुतेक लॅपटॉपवर काम होते. जुन्या रेडिओत त्यासाठी पत्ती आणि तिचा संपर्कबिंदू यांच्यामध्ये सोल्डरने तार जोडावी लागे.