कोथिंबीर : घरची लागवड आणि फुलोरा

कोथिंबीर म्हणजे कोरिअँड्रम सटायव्हम, गाजर, जिरं, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली. त्या कुळाला आता एपिएसी म्हणतात, जुन्या पुस्तकांत अंबेलिफेरी सापडेल. पानं ती कोथिंबीर, वाळलेली फळं ते धने. कोल्हापुरात ती कशाकशात पडते हे लिहीत बसत नाही, मिसळ आणि रस्सा खाणाऱ्याला माहीत असतंच. नोंद आहे ती कुंडीतल्या कोथिंबिरीची आणि ती जरा हाताशी येतीय तोवर तिला तुरा का येतो त्याची.

मूळ कुठलं यावर अजून वाद आहे. बहुतेक अभ्यासक भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा आणि पश्चिम आशिया धरतात, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलॉव्हनं मात्र उगमाची एकापेक्षा जास्त केंद्रं मानली होती. अडचण अशी की हे झाड शेतातून निसटून बांधावर आपोआप उगवतं, त्यामुळं खरं रानटी कोणतं आणि लावलेलं सुटून रानटी झालेलं कोणतं हे ओळखणं अवघड. इस्राएलमधल्या नहल हेमार गुहेत मडकी बनवायच्या आधीच्या नवाश्मयुगातली, म्हणजे ढोबळमानानं ८,००० ते १०,००० वर्षांपूर्वीची धन्याची फळं मिळालीत, पण ती लावलेली की नुसती गोळा केलेली यावर एकमत नाही. लागवडीचा त्यापेक्षा भक्कम पुरावा इजिप्तचा मानतात. तुतनखामेनच्या थडग्यात (इ.स.पू. चौदावं शतक, उघडलं १९२२ मध्ये) धने ठेवलेले होते आणि तिथं हे झाड रानात वाढत नाही, म्हणजे कुणीतरी लावत असणार. ग्रीसमधल्या मायसीनी संस्कृतीच्या (कांस्ययुगातली) मातीच्या पाट्यांवरही धन्याची नोंद आहे. भारतात पाणिनीच्या सूत्रात (६.१.१४३) कुस्तुंबुरु हा धन्याचा संस्कृत शब्द येतो, पाणिनीचा काळ साधारण इ.स.पू. पाचवं-चौथं शतक धरला (त्यावरही मतं आहेत) तर निदान तेव्हापासून हे पीक इथं ओळखीचं होतं एवढं म्हणता येतं.

वाणांचा भाग घरच्या लागवडीला जास्त कामाचा. डीडरिक्सन आणि हॅमर या संशोधकांनी २००३ मध्ये फळाचा आकार आणि तेलाचं प्रमाण बघून या जातीच्या तीन उपजाती मांडल्या, त्यातली एक भारतीय. भारतीय धन्याचं फळ जरा लांबट, तेल कमी, बुडाची पानं थोडी आणि फुलोरा लवकर. असं होणं साहजिकच आहे, कारण आपल्याकडं शेतकऱ्यानं पिढ्यान् पिढ्या निवड केली ती धन्यासाठी, लवकर पिकणारं ते चांगलं. किराणा दुकानातले धने बरेचदा राजस्थानातल्या रामगंज मंडी किंवा गुजरातेतल्या गोंडल बाजारातून आलेले, ते उगवतात झकास पण मसाल्याचं बी आहे, पानासाठी थांबणारं नव्हे. महाराष्ट्रात वाई धना, जळगाव धना ही नावं जुनी. उशिरा फुलणारी म्हणून सॅन्टो, कॅलिप्सो अशी परदेशी वाणं विकली जातात.

फुलोऱ्याचं कारण म्हणून पुस्तकांत पहिलं नाव दिवसाच्या लांबीचं असतं. कोथिंबीर लांब दिवसाचं झाड आहे, दिवस मोठा झाला की जिबरेलिन (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) वाढतं, बुडाशी दाटीनं बसलेली पेरं लांबतात आणि मधनं दांडा वर निघतो. हे युरोपात ठीक आहे, तिथं उन्हाळी दिवस १६ तासांचा होतो. कोल्हापूर जवळपास १६.७ अंश उत्तरेला, इथला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या जरासा वर आणि सगळ्यात लहान ११ तासांच्या आसपास, म्हणजे फरक दोनच तासांचा. त्यामुळं इथं दिवसापेक्षा बियाची जात आणि उष्णता यांच्यावर बोट ठेवणं जास्त पटतं. मार्च ते मे गच्चीवरचा स्लॅब तापतो, काळी प्लॅस्टिकची कुंडी मुळापर्यंत गरम होते, त्यात एक दिवस पाणी चुकलं की झाड घाईनं बी धरायच्या मागं लागतं.

पेरणी ऑक्टोबर ते जानेवारी सोपी. धने चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करायच्या, एका फळात दोन बिया असतात म्हणून, पण पीठ करायचं नाही. रात्रभर भिजवून पेरले की साधारण ८ ते १५ दिवसांत उगवतात आणि ३५ ते ४५ दिवसांत कापणीला येतात. मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ, म्हणून कुंडी निदान ८ इंच खोल हवी आणि रोप उपटून दुसरीकडं लावू नये, मूळ दुखावलं की तुरा लवकर. कापताना बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब ठेवायचा. उन्हाळ्यात ५० टक्के शेडनेट किंवा पूर्वेकडची गॅलरी, सकाळचं ऊन पुरतं. जुलैच्या झडीत बी कुजतं, रोपं बुडातून कोलमडतात, तेव्हा कुंडी पत्र्याखाली घ्यावी.

एकदा दांडा सुटला की शेंडा खुडून काही परत येत नाही, चार दिवस लांबतं इतकंच. वरची पानं शेपूसारखी बारीक होतात आणि वासही बदलतो, कोवळ्या पानांचा वास आल्डिहाइड नावाच्या रसायनांचा आणि पिकल्या धन्याचा लिनालूल या सुगंधी द्रव्याचा. म्हणून जाणकार एकच कुंडी धरून बसत नाहीत, दर पंधरा दिवसांनी मूठभर नवीन पेरतात. फुललेली कुंडी ठेवली तरी चालते, पांढऱ्या-गुलाबी फुलांवर मधमाश्या येतात आणि माव्यावर जगणारे ढालकिडेही, हिरवे धने तर चटणीत फारच छान लागतात. बी राखायचं तर सगळ्यात शेवटी फुललेल्या झाडाचं राखावं आणि लवकर तुरा आलेली झाडं फुलं उमलायच्या आत काढून टाकावीत, कारण कीटक परागकण इकडचे तिकडं करतात.