'पोळा' म्हटल्यावर गेलेली सात सेकंदं

पोळ्याच्या दिवशी आमचे मोठेबाबा घरी नसतात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव त्या दिवशी तोरणाखाली जमतं, झडत्यांना, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांना, जोर चढतो, घराघरांतून पुरणाचा वास येतो. मोठेबाबा मात्र उजाडायच्या आत वावरात जातात आणि दिवेलागण झाल्यावर परततात. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "रानडुकरं येते बापू. सोयाबीन राखा लागते."

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत एक जुना प्रयोग करून पाहिला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मानसोपचाराचं शिक्षण माझं नाही. म्हणून आधी त्यांना सगळं समजावून सांगितलं, मोबाईलमधलं घड्याळ दाखवलं. मी एक शब्द म्हणायचा, त्यावर मनात येईल तो पहिला शब्द त्यांनी सांगायचा. अंगणात बाजेवर बसून तीस शब्द झाले. विहीर? पाणी. पऱ्हाटी? वेचणी. नातू? मोबाईल. प्रत्येक उत्तर दीड-दोन सेकंदांत येत होतं.

मग मी म्हणालो, "पोळा."

"पोया?" त्यांनी शब्दच परत उच्चारला. नजर बाजेच्या सुतळीवर गेली, बोट तिच्या गाठीवर फिरायला लागलं. सात सेकंदांनी ते म्हणाले, "सण."

पुढचा शब्द 'मीठ' होता, अगदी साधा. त्यालाही चार सेकंद लागले. थोड्या वेळानं तीच यादी पुन्हा घेतली आणि मघाची उत्तरं आठवून सांगायला सांगितलं. जवळजवळ सगळी बरोबर आली. 'पोळा'ला मात्र ते म्हणाले, "पाऊस."

हा प्रयोग मुळात स्वित्झर्लंडमधला. झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात 1900 च्या डिसेंबरात कार्ल युंग हा पंचविशीतला डॉक्टर रुजू झाला. तिथले प्रमुख होते ऑयगेन ब्लॉयलर. मनाच्या तळाशी काय चाललंय याचा शोध घेणाऱ्या शाखेला 'खोलीचं मानसशास्त्र' हे नाव त्यांच्याच काळात मिळालं. शब्दांवरून शब्द आठवण्याचा खेळ युंगच्या आधीही होता. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी 1879 च्या सुमारास तो स्वतःवरच करून पाहिला होता. त्या काळी संशोधकांचं लक्ष असायचं उत्तराच्या शब्दांकडे. उत्तर उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर तो प्रयोगातला दोष समजून बाजूला टाकत.

युंग नेमका तिथे थांबला. शंभर शब्दांची यादी आणि सेकंदाचा पाचवा भाग मोजणारं घड्याळ घेऊन त्यानं रुग्ण तपासले आणि निरोगी माणसंही तपासली. अडखळण्याची ठिकाणं वाटेल तशी विखुरलेली नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. उशीर होणं, दिलेला शब्दच परत म्हणणं, पुढच्या निरुपद्रवी शब्दावरही रेंगाळणं, दुसऱ्या फेरीत आपलंच उत्तर विसरणं, या खुणा ठरावीक शब्दांभोवती जमा होत होत्या. एखाद्या आठवणीभोवती, एखाद्या भावनेभोवती मनातल्या कितीतरी गोष्टींची गाठ बसलेली असते आणि तिला धक्का लागला की माणूस अडखळतो, असा अर्थ त्यानं लावला. त्या गाठीला त्यानं 'कॉम्प्लेक्स' म्हटलं. मराठीत तोच 'गंड'. न्यूनगंड हा शब्द आपण बोलताना सहज वापरतो. ती कल्पना आल्फ्रेड आडलर या मानसशास्त्रज्ञाची, पण तिच्यातल्या 'गंड'ची ही अशी हकिकत आहे. माणसाला गंड असतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण माणूसच गंडाच्या ताब्यात असू शकतो हे फारसं कुणाला माहीत नसतं, असं युंगनं 1934 मध्ये म्हटलं होतं.

याच प्रयोगांमुळे युंग मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या जवळ गेला. 1907 च्या मार्चमध्ये व्हिएन्नात दोघे पहिल्यांदा भेटले आणि तासन्‌तास बोलत बसले. 1913 पर्यंत दोघांचं फाटलं होतं. त्या भांडणाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मला त्यात फारसा रस नाही. भारतीय वाचकानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट दुसरी आहे : गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्येच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली होती आणि त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता.

फ्रॉइड-युंगचं सगळं सिद्ध झालेलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. स्वप्नातल्या प्रत्येक वस्तूचा ठरावीक अर्थ किंवा साऱ्या मानवजातीचं सामाईक अबोध मन यांना प्रयोगांचा भक्कम आधार नाही. खोटं ठरण्याची सोयच नसलेला सिद्धान्त विज्ञान कसा, हा विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप आजही कायम आहे. पण मनाचं बरंचसं काम आपल्या नकळत चालतं, हा गाभा टिकला. आणि टिकला तो फ्रॉइडचं नावही न घेणाऱ्यांच्या प्रयोगांमुळे.

1977 मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांवर एक लेख लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात ग्राहकांसमोर मोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले होते आणि त्यांतला सगळ्यांत चांगला निवडायला सांगितलं होतं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी लोकांनी सर्वांत उजवीकडचा जोड फार जास्त वेळा निवडला. कारण विचारल्यावर वीण, पोत असं काहीबाही सांगितलं. जागेमुळे निवडला का, असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. कारण ठाऊक नसताना मनानं एक पटण्यासारखं कारण तयार केलं होतं आणि त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

हे वाचलं तेव्हा मला मोठेबाबांची रानडुकरं आठवली.

प्रयोगाच्या त्या संध्याकाळी मी त्यांना कसलाही अर्थ सांगितला नाही. गाठ कुठे आहे एवढंच घड्याळ दाखवतं, गाठीत काय आहे ते दाखवत नाही. दुसऱ्याच्या मनाचा अर्थ आपण त्याच्या हातात कोंबू नये, असं मला ठामपणे वाटतं. 'पोळ्यापाशी तुम्हाला वेळ लागला,' एवढंच म्हणालो आणि गप्प बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रानडुकरं तं रोजच येते. मी पोयाच्याच दिवशी काहून जातो?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी पोरानं ट्रॅक्टर घेतला आणि पोळ्याच्या पंधरा दिवस आधी बैलजोडी बाजारात गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं म्हणतात. ते आवतण त्या वर्षी कुणाला दिलंच नाही. "मले काई वाटलं नाई," असं ते तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

बोलल्यानं काय होतं, यावरही काम झालंय. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाचं, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाचं, काम मंदावतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच निघाला, पण तो पुसला गेला नाही.

मात्र ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात, त्याला शब्दांची यादी नको, डॉक्टर हवा. आमच्या भागात हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, तेव्हा गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी 4.3 टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते. दीड वर्षात ते 27.2 टक्के झाले.

काही महिन्यांनी मोठेबाबांनी स्वतःच विचारलं, "तुह्या घड्याळाचा खेळ पुन्हा करतं का?" तीच यादी काढली. विहीर, पऱ्हाटी, नातू भराभर झाले.

"पोळा."

या खेपेलाही सात सेकंद गेले.

"मोऱ्या," ते म्हणाले. डावीकडच्या बैलाचं नाव.