आडवाटेचे किल्ले (नाशिक जिल्हा)

ओस पडलेले, फारसे कुणाच्या पायाखाली न येणारे डोंगरी किल्ले भटक्यांच्या बोलीत ‘आडवाटेचे किल्ले’ म्हणून ओळखले जातात. ते शोधत हिंडण्याचा छंदही त्याच नावाने ओळखला जातो. नाशिक जिल्ह्यात किल्ल्यांची संख्या साठच्या घरात मोजतात. त्यांतला साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी रांग लागते. बाकीच्या बहुतेक गडांवर मात्र गुराख्यांखेरीज माणूस दिसत नाही.

हे किल्ले चार डोंगररांगांत विखुरले आहेत. बागलाणात सेलबारी-डोलबारी, चांदवड-कळवणकडे सातमाळा, पश्चिमेला त्र्यंबक रांग आणि इगतपुरी-सिन्नरच्या अंगाला कळसूबाईची रांग. सगळा मुलूख बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्यामुळे डोंगराला आपोआप टप्पे पडले आहेत: खाली पदर (डोंगराच्या कुशीतला सपाट टप्पा), वर ताशीव कडा, माथ्यावर पठार. तटबंदीचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवले होते. म्हणूनच इथल्या कित्येक गडांवर तट नावापुरताच सापडतो आणि नवखा माणूस ‘इथे किल्ला कुठाय?’ म्हणत परत फिरतो.

बर्फाच्या देशांत बंद पडलेली स्की-मैदाने शोधत हिंडणारी मंडळी असतात. जंगलातून सरळ खाली आलेला मोकळा पट्टा आणि माणसांना वर नेणाऱ्या दोरवाटेच्या खांबांचे काँक्रीटचे पाये दिसले, की त्यांना जागा ओळखू येते. नाशिककडे तशी ओळखीची खूण म्हणजे पाण्याचे टाके. कातळात खोदलेले टाके सापडले, की इथे शिबंदी राहत होती असे धरून चालतात. त्याच्या जोडीला खोदीव पायऱ्या, खांब रोवायचे खळगे, घरांची जोती. यांतले काहीच नसेल तर तो डोंगर, किल्ला नव्हे, असे जुने भटके म्हणतात. एखाद्या टेकाडाला किल्ला म्हणायचे की नाही यावर वाद रंगतात. जिल्ह्यातल्या किल्ल्यांचा नेमका आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो, तो याच कारणाने.

किल्ले ओस पडले ते मुख्यतः १८१८ नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने राजधेर आणि पाठोपाठ त्र्यंबकगड घेतला. ते पाहून आसपासचे सतरा गड मुकाट्याने ताब्यात दिले गेले. अचला आणि हरिहर त्यांतलेच. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्जने या किल्ल्यांची पाहणी केली. बंडवाल्यांना पुन्हा आसरा मिळू नये म्हणून अनेक ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. हरिहरच्या वाचल्या. अलंग-मदनवर मात्र आजही दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. आता प्रत्येक तुटक्या पायरीचे खापर इंग्रजांवर फोडायची रीत पडली आहे. दोनशे पावसाळ्यांनीही आपला वाटा उचलला असणार, हे कुणी लक्षात घेत नाही.

शोधणाऱ्याला खरा घोळ घालतात ती नावे. हर्षगड म्हणजे त्र्यंबकजवळचा हरिहर. हरगड निराळा, तो मुल्हेरच्या शेजारी. न्हावीगडाचे दुसरे नाव रतनगड, पण रतनगड म्हटले की सगळ्यांना भंडारदऱ्याचाच आठवतो. कण्हेरगडही दोन आहेत: एक कळवण तालुक्यात, दुसरा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात. पट्टा किल्ल्याला शिवाजी महाराजांच्या मुक्कामानंतर विश्रामगड हे नाव मिळाले, तरी पायथ्याचे लोक पट्टाच म्हणतात. म्हणून गावात पोचल्यावर किल्ल्याचे नाव विचारू नये. ‘वर पाण्याचं टाकं कुठल्या डोंगरावर आहे, दादा?’ असे विचारले तर बोट बरोबर वळते. इंद्राईवर शाहजहानच्या काळातला फारसी शिलालेख आहे. पण वाट सांगणारा गुराखी त्याचा उल्लेख करील असे नाही, तो टाक्यांच्याच खुणा सांगतो.

गावकऱ्यांच्या लेखी डोंगराला इतिहासापेक्षा देवाची ओळख अधिक. मोहनदर किल्ल्याच्या माथ्याखाली कड्याला नेढे, म्हणजे आरपार भोक, आहे. सप्तशृंगीच्या देवीने महिषासुराला मारले तेव्हा ते पडले, असे आसपास सांगतात.

जाण्याचे साधन मुख्यतः एसटी. नाशिकहून कळवण, सटाणा, ताहाराबाद, चांदवडपर्यंत गाड्या भरपूर; पुढे पायथ्याच्या गावाला संध्याकाळी येऊन पहाटे परतणारी मुक्कामी गाडी, नाहीतर काळीपिवळी. वाट मळलेली नसते. गुरांच्या वाटा चकवतात, कारवीच्या झुडपांत शिरतात आणि मध्येच संपतात. सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर चढण्यापेक्षा उतरणे अवघड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. गवत वाळलेले असते, टाक्यांत पाणी असते. मार्चनंतर त्यातले पुष्कळसे पाणी आटते किंवा हिरवे पडते, तेव्हा आपले पाणी खालूनच न्यावे. कड्यांना आग्या मोहोळ असते; त्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळतात.

या गडांना पर्यटकांचा त्रास कमी, गुप्तधन शोधणाऱ्यांचा जास्त. जोत्यांमध्ये आणि देवळांच्या गाभाऱ्यात ताजे खड्डे दिसतात. स्थानिक दुर्गसंवर्धन मंडळी टाक्यांतला गाळ उपसतात, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात. रामशेजवर हे काम बरेच झाले आहे. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षे दाद न देणारा हा गड शहरापासून जेमतेम तासाभरावर. त्याच्या जवळच्या भोरगडावर हवाई दलाचे ठाणे असल्याने प्रवेश नाही; तो पाहायचा तर शेजारचा देहेरगड चढून समोरून पाहतात.