उकळलं म्हणून फ्लोराइड जात नाही

यवतमाळच्या पांढरकवडा, झरी-जामणी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं की हमखास ऐकू येतं, ‘उकळून प्या, शेजारच्या गावापुढं कशाला हात पसरायचा?’ हा सल्ला लेकरांच्या दातांवर उमटतो, कारण जास्त फ्लोराइडनं दातांवर डाग पडतात. उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड खडकातून विरघळून आलेलं असतं, ते वाफेबरोबर उडत नाही. गुंडभर पाणी आटून अर्धं झालं, तर सगळं फ्लोराइड त्या अर्ध्या गुंडात उरतं, म्हणजे दुप्पट तीव्र! पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर १.५.

शेजारच्या गावाचं पाणीही तसंच असेल, असंही नाही. खडक बदलला, खोली बदलली की पाणी बदलतं. बरेचदा जवळचीच उथळ विहीर चांगली निघते, पण तपासूनच घ्या.

राहिली ‘आपली विहीर आटेल’ ही पाणी देणाऱ्या शेजारच्या गावाची भीती. ती खोटी नाही, उन्हाळा आपण सगळेच पाहतो. पण द्यायचं आहे ते फक्त पिण्या-रांधण्यापुरतं, माणशी ८-१० लिटर. ५०० माणसांच्या वस्तीला दिवसाला ५,००० लिटर, म्हणजे ट्रॅक्टरचा एक टँकर. आंघोळ, धुणं घेणाऱ्यांच्या स्वतःच्या बोअरवरच भागतं.